ओली लोकर

२३ जून, रात्री

दांडीवरचे कपडे आज तिसऱ्या दिवशीही ओलेच. उद्या सकाळची ड्युटी, म्हणून युनिफॉर्मच्या बाह्या पंख्याखाली धरून बसले आहे. मडगावात येऊन या ऑगस्टमध्ये चोवीस वर्षं होतील, पण इथल्या ओलीची सवय काही झाली नाही. उशी ओली, काडेपेटी ओली, पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, पानंसुद्धा बोटाला चिकटतात.

सकाळच्या वाचनात बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय होता. इस्राएलला सोडवायला देवाने बोलावलेला गिदोन देवाला म्हणतो, मी खळ्यात लोकर ठेवतो. दव फक्त लोकरीवर पडलं आणि भुई कोरडी राहिली, तर मला कळेल की तूच मला पाठवतो आहेस. तसंच होतं. लोकर पिळली तर वाडगंभर पाणी निघतं. तरी त्याचं समाधान होत नाही. दुसऱ्या रात्री तो उलटं मागतो, लोकर कोरडी आणि भुई ओली. तेही होतं. देव त्याच्यावर रागावत नाही. लहानपणापासून मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात आवडतं.

पण आज दांडीकडे बघताना लक्षात आलं, नर्सची नोकरी सोडून घरोघरी शुश्रूषेला जावं का, हे विचारत गेले आठ महिने मीही रोज रात्री लोकरच पसरते आहे. मार्चमध्ये पगारवाढ झाली नाही तर समजेन. लेकीची शेवटच्या वर्षाची फी भरून झाली तर समजेन. पाळकसाहेबांनी आपणहून विषय काढला तर समजेन. पगारवाढ झाली नाही. फी भरून झाली. पाळकसाहेबांनी विषय काढला. आणि मी नवी लोकर हातात घेऊन उभीच आहे. शिवाय जून महिन्यात गोव्यात लोकर कुठंही पसरा, ती ओलीच होणार आणि भुईही ओलीच. त्यातून काय वाचायचं?

विषय एकदा नीट लिहून ठेवते. मनात ठेवला की तो नुसता फिरत राहतो.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या वॉर्डात एक आंटी आल्या. वय ८१, खुब्याचं हाड मोडलेलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात पडल्या आणि रात्रभर फरशीवरच होत्या. सकाळी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, भोंगा वाजवला, दार उघडलं नाही. खिडकीला अडकवलेल्या पिशवीत आदल्या संध्याकाळचे उंडे, म्हणजे गोल पाव, तसेच होते. ते बघून त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या. तिन्ही मुलं बाहेर: एक इंग्लंडात स्विंडनला, एक लिस्बनला, धाकटी टोरांटोला. मुलं वाईट नाहीत, रोज फोन करतात. आमच्या सासष्टी तालुक्यात गावोगाव अशी घरं आहेत. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. त्या पासपोर्टवर पोरं युरोपात गेली, काही आखातात, काही बोटीवर. मागे मोठं बाल्कांवचं, म्हणजे पुढे बसायची ओसरी असलेलं, घर, त्यात एक म्हातारं माणूस आणि एक कुत्रा.

आंटी घरी गेल्यावर ठेवलेल्या बाईला कूस बदलायचं माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत माकडहाडावर जखम झाली. मी ड्युटी संपली की स्कूटरवरून जाऊन ड्रेसिंग करू लागले. मग त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ, मग त्यांची बहीण. आता पाच घरं आहेत. आठ तास उभं राहून आल्यावर पाच घरं होत नाहीत. दोन्हींतलं एक सोडावं लागणार, आणि मला सोडायची आहे ती नोकरी. पगार ३८ हजार, घराचा हप्ता १४ हजार, माझं वय ५१. आकडे लिहिले की पोटात कालवतं.

२४ जून

आज सांजाव, संत योहानाचा सण. ड्युटीवरून येताना रस्ताभर घुमटांचा, मातीच्या वाद्यांचा, आवाज, डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घातलेली पोरं, सगळी नखशिखांत भिजलेली. आमच्या वाड्यावरच्या विहिरीत दरवर्षी उड्या पडतात. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची आई मरिया अलिशिबेच्या घरी येते, तिचा आवाज ऐकताच अलिशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं; तो पुढचा बाप्तिस्मा करणारा योहान. त्या उडीची आठवण म्हणून इथली माणसं भर पावसात विहिरीत उडी घेतात. नवीन आले तेव्हा मला हा नुसता दंगा वाटायचा. आमच्याकडे मिरजेत सण म्हणजे इस्त्रीचे कपडे आणि उपासनेत दुसऱ्या बाकावर ताठ बसणं. देवाच्या नावाने कुणी ओलं होतं, हे माझ्या कल्पनेत नव्हतं.

शेजारचे दादा साठीचे आहेत, अजून उडी घेतात. आज मी मुद्दाम विचारलं, "दादा, भीती नाही वाटत?"

"भंय दिसता गो, पूण उडी मारतां," ते म्हणाले. मग डोकं पुसत पुसत सांगितलं की गेल्या रविवारी तिघांनी मिळून विहिरीतल्या काट्याकुट्या काढल्या, दोर सोडून पाणी मोजलं, पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडलं. वर्षभर याच विहिरीचं पाणी पितो, म्हणाले, तळ कुठे आहे ते ठाऊक आहे.

मी घरी येऊन हिशेबाची वही काढली. आजवर मी "धाडस" आणि "हिशेब" यांना दोन टोकांना ठेवत होते. विश्वास असेल तर हिशेब कशाला, असं आमच्यातले काही जण म्हणतात, आणि ते ऐकून मला नेहमी आपलाच विश्वास कमी वाटायचा. दादांनी पाणी मोजलं म्हणून त्यांची उडी खोटी ठरली का? वहीत लिहिलं: सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत. ह्यांची गोदीतली नोकरी अजून चार वर्षं आहे. स्कूटर फेडून झाली. परवडणाऱ्या घरी पैसे घ्यायचे, न परवडणाऱ्या घरी नाहीत. भीती तशीच आहे. पण तिचा तळ साधारण किती खोल आहे ते आज कळलं.

२९ जून, रविवार

येशूचा शिष्य पेत्र, त्याचा सण. कोळी होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात, त्यावर नाचगाणी होतात. मी घरीच होते, पाठ धरली आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढून बसले. पेत्र होडीतून उतरतो, पाण्यावरून चालतो, वारा बघून घाबरतो, बुडू लागतो, येशू लगेच हात देतो. प्रवचनात नेहमी बुडण्यावर भर असतो. मला आज वेगळीच गोष्ट दिसली. येशू त्याला धरतो ते होडीपासून काही अंतरावर, आणि पुढच्या ओळीत दोघं होडीत चढतात. मधलं अंतर? तेवढं पेत्र परत चालला असणार, वारा चालू असतानाच. कारण वारा थांबला तो ते होडीत चढल्यावर. त्या परतीच्या चालण्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. बुडून झाल्यानंतर, कपडे निथळत, हात धरून. माझा विश्वास असलाच तर तो त्या जातीचा आहे.

१ जुलै

राजीनामा दिला नाही. कागद पर्समध्येच घेऊन परत आले. वॉर्डात चौदा पेशंट आणि आम्ही दोघी. मेट्रनच्या खोलीपर्यंत गेलेसुद्धा नाही. लिहायला अजून काही नाही.

६ जुलै, रविवार

आमची मराठी मंडळी, म्हणजे उपासनेचा गट, एका घरातल्या हॉलमध्ये जमते, आज जेमतेम वीस जण होतो. गोव्यात मराठी ख्रिस्ती असणं समजावून सांगावं लागतं. मराठी बोलले की लोक मला हिंदू समजतात. ख्रिस्ती म्हटलं की समोरून कोंकणी सुरू होते. पहिली काही वर्षं या प्रश्नांनी मी फार एकटी पडले होते. मग कुणीतरी सांगितलं की मडगावपासून जवळच, राशोलला, १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या, जेझुइट संघातल्या इंग्रज पाद्र्याने ते मराठी ओव्यांत लिहिलं. १५७९ मध्ये तो गोव्यात आला. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. आपल्या बोलीत येशूची गोष्ट याच मातीत चारशे वर्षांपूर्वी सांगितली गेली, हे कळलं त्या दिवशी मी राशोलला जाऊन सेमिनरीच्या, पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या, भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिले होते. त्या काळात इथं धर्माच्या नावाने सक्तीही झाली, तो इतिहास मला माहीत आहे, आणि ख्रिस्ती म्हणून मला तो टोचतो. म्हणूनच कुणाच्या घरात जाताना मी शुश्रूषा घेऊन जाते, उपदेश नाही.

आंटींकडे पहिल्यांदा गेले तेव्हा ड्रेसिंग झाल्यावर त्या म्हणाल्या, बस, तेर्स म्हणूया, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. मला तेर्स येत नाही, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात नसतो. तसं सांगितलं. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मग प्रभूची प्रार्थना तरी येते ना? त्यांनी कोंकणीत सुरू केली, मी मराठीत. "वाइटापासून सोडव" इथं त्या थांबल्या. आमच्या प्रार्थनेत पुढे राज्य, पराक्रम, गौरव येतं. मी एकटीच ते म्हणत राहिले आणि त्या डोळे मिटून माझं संपायची वाट बघत होत्या. आता रोज तसंच होतं. त्या थांबतात, मी पुढचं म्हणते, मग "आमेन" दोघी मिळून.

१० जुलै

ह्यांच्याबरोबर सांकवाळला गेले होते, संत जुझे वाझ यांच्या स्थानी. आमच्यात संतांकडे मागणं नसतं. मी काही मागायला गेले नव्हते. पण हा माणूस मला फार जवळचा वाटू लागला आहे. १६५१ मध्ये बाणावलीला जन्म. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डचांनी पोर्तुगीजांना हटवल्यावर तिथल्या कॅथलिकांना पाद्री उरला नव्हता, येऊ दिलाही जात नव्हता. १६८७ मध्ये हे, स्वतः पाद्री असून, अंगावर मजुराचे कपडे घालून जाफन्याला उतरले. उतरले तेच आजारी, हगवणीने अर्धमेले. पुढे कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. तमिळ आणि सिंहली शिकले, देवीच्या साथीत रोग्यांची सेवा केली, आणि १७११ मध्ये तिथंच वारले. गोव्याला परत आलेच नाहीत. २०१५ मध्ये पोपनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

मला थांबवतं ते एवढंच की त्यांच्या पाठीशी आरमार नव्हतं. सत्ता दुसऱ्याची, भाषा दुसऱ्यांची, अंग तापलेलं. ज्या काळात चर्च आणि राजा एकाच जहाजातून येत, त्या काळात ते हातात काही न घेता गेले. पहिल्याच आठवड्यात जुलाब सुरू झाले तेव्हा त्यांना ती खूण वाटली असेल का, परत फिरण्याची? मला नक्की वाटली असती. त्यांनी तिथं काढली चोवीस वर्षं. परतताना स्कूटरवर मागे बसून मी हा आकडा दोनदा मोजला.

रात्री आईला फोन केला. ती ७९ वर्षांची, मिरजेत भावाकडे असते. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं, त्यातच तिने नर्सिंग शिकून आयुष्यभर काम केलं. तिच्याशी बोलताना नेहमी घशात अडकतं ते आज बोलून टाकलं: दुसऱ्यांच्या आयांची कूस बदलायला नोकरी सोडते आहे, आणि तुझ्याजवळ नाही.

"माझ्याकडे सूनबाई आहे," ती म्हणाली. "तिथं कोण आहे?"

मग विचारलं, "आई, हे देवाकडूनच आहे हे कळायचं कसं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं रेंज गेली. "मला काय ठाऊक बाई," ती म्हणाली. "रात्रपाळीला पेशंटने अंथरूण ओलं केलं की मी चादर बदलायचे. हे काम माझं का, देवाने सांगितलंय का, विचारत उभी राहिले असते तर तो तसाच ओल्यात पडला असता. चादर बदलताना प्रार्थना करता येते की. हात रिकामे असावे लागत नाहीत त्याला."

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. दुःखाने नाही. इतकी वर्षं मी प्रार्थना आणि काम यांत आधी काय, याचा घोळ घालत होते, आणि ती त्यातून कधीच गेली नव्हती.

११ जुलै

सकाळी पावणेआठला, युनिफॉर्म घालायच्या आधी, राजीनाम्यावर आजची तारीख घातली. मेट्रनबाईंनी वाचला, चष्मा काढला, "नक्की?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. आवाज कापत होता. महिन्याची नोटीस आहे, १० ऑगस्टला शेवटची ड्युटी.

संध्याकाळी आंटींकडे गेले. जखम आता रुपयाच्या नाण्याएवढी राहिली आहे, कडा गुलाबी. मी सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. उशीखालून पाकीट काढलं आणि महिन्याचे किती ते आत्ताच ठरव म्हणाल्या, फुकट घेणार नाही. आम्ही ठरवलं. मी वहीत पहिल्या पानावर लिहिलं. पोदेर आला तेव्हा त्यांनी मला खिडकीशी पाठवलं. मी त्यांचे दोन उंडे घेतले, आणि घरी न्यायला माझे चार. बाहेर पाऊस थांबला नव्हता. पिशवी पोटाशी धरून स्कूटरपर्यंत पळाले, तरी वरचा एक ओला झालाच.