मॅडिसनवर ट्राउट गरवायला जाताय? आधी गोटे बघा, मग बिल

मोंटानातल्या मॅडिसन नदीबद्दल ज्याने त्याने एकच ऐकवलं होतं: हायवेला लागून आहे, गाडी लावा आणि पाण्यात उतरा, एकदम सोपं. गाडी लावणं सोपं आहे, एवढं मान्य. बाकीचं सांगणारे बहुधा बोटीत बसून गेले असावेत.

मी बोलतोय ते क्वेक लेकच्या खालच्या पट्ट्याबद्दल, रेनॉल्ड्स पासच्या पुलापासून थ्री डॉलर ब्रिजपर्यंत. वेस्ट यलोस्टोन गावातून साधारण पाऊण तास. (17 ऑगस्ट 1959च्या रात्री भूकंपाने डोंगराची कडा नदीत कोसळली, 28 माणसं गेली आणि हे तळं तयार झालं. ती कडा रस्त्यावरून अजून बोडकी दिसते.) तळ्यातून सुटल्यावर नदी डोहबिह काही करत नाही, सलग उथळ, फेसाळत धावत सुटते. पाणी मांडीएवढंच असतं, पण ओढ अशी की उचललेलं पाऊल टेकेपर्यंत हातभर पुढे गेलेलं असतं. तळाला नारळापासून घमेल्याएवढे गोटे, आणि त्यांच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर. दोन गोट्यांच्या फटीत बूट अडकतो, मागून पाण्याचा लोंढा मांडीवर चढत राहतो, आणि तिसरा पाय म्हणून रोवलेली काठी हातात नुसती थरथरत असते. ती थरथर खांद्यापर्यंत जाणवते. माझा मेव्हणा चांगला पोहणारा, गड चढणारा गडी. तो इथे बसकण मारून पार पुढच्या वळणापर्यंत वाहत गेला. वेडरचा (छातीपर्यंत येणाऱ्या जलरोधक विजारीचा) पट्टा छातीखाली करकचून आवळलेला होता म्हणून आत पाणी भरलं नाही. पट्टा लावायचाच. काठी घ्यायचीच. आणि खिळे नसलेले रबरी बूट घालून इथे उतरू नका, कोणी कितीही सांगो.

ते खिळे म्हणजे माझं दुसरं दुखणं. गावातल्या दुकानातून बूट भाड्याने घेतले, 'सगळं येतं यात' असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. खिळे वेगळे तीस डॉलर, हे परत द्यायला गेल्यावर बिलात दिसलं. शिवाय 'इथे हेच चालतं' म्हणून डझनभर मोठ्या फ्लाय (गळावर बांधलेले नकली किडे) गळ्यात मारल्या, एकेक तीन डॉलरच्या वर. त्यातली एकही माशाने बघितली नाही. (थ्री डॉलर ब्रिजला नाव पडलं ते कधीकाळी जागेचा मालक तिथे गरवायचे तीन डॉलर घेई म्हणून. तो निदान आधी सांगून घेत होता.)

आणि एवढा जीव मुठीत धरून नदीच्या मधे जायचं कशाला? बराचसा मासा काठालाच असतो. मधल्या धारेत उभं राहायला ट्राउटलाही दमछाक होते. काठच्या प्रत्येक मोठ्या धोंड्यामागे, पुढेही, शांत पाण्याचा छोटा कप्पा असतो; मासा त्यात बसतो आणि शेजारून वाहत जाणारं खाणं टिपतो. तेव्हा आधी कोरड्यात उभं राहून काठापासून हातभर अंतरातलं पाणी नीट झोडपा, मग पाय बुडवा. नऊ फुटी पाच नंबरचा रॉड पुरतो. पाच-सहा मीटरपेक्षा जास्त दोरी सोडायची नाही, रॉड उंच धरून दोरी पाण्याबाहेर ठेवायची. फ्लाय शेजारच्या फेसापेक्षा वेगाने ओढली गेली की खेळ संपला, मासा ढुंकून बघत नाही. वर 14 किंवा 16 नंबरची एल्क हेअर कॅडिस ही तरंगणारी फ्लाय, तिच्याखाली वीतभर-दोन वीत अंतरावर छोटी बीडहेड निम्फ, ही पाण्यात बुडणारी. गवताच्या सावलीत, घोट्याएवढ्या पाण्यात चांगला जाडजूड ब्राउन ट्राउट लागला तेव्हा ओरडलो ते पलीकडच्या काठावरच्या गायींनीही माना वर केल्या.

गाईड घ्यायचा का? या पट्ट्यासाठी नाही. आम्हाला दिवसाचे साडेसहाशे डॉलर सांगितले, वर वीस टक्के टिप धरूनच चाला. क्वेक लेकपासून लायन्स ब्रिजपर्यंत बोटीतून गरवायला बंदी आहे, म्हणजे पैसे बोटीचे आणि चालणं आपलंच. बोट हवीच असेल तर लायन्स ब्रिजच्या खाली घ्या, दोघांत वाटून.

जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला सॅमनफ्लाय निघते, बोटाएवढा नारिंगी पोटाचा किडा, शर्टावर येऊन बसतो. त्याचं कौतुक खूप ऐकाल. मासे त्यावर तुटून पडतात हे खरं, पण माणसंही. मी पुन्हा त्या दिवसांत जाणार नाही. सप्टेंबर बरा.

जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे निघा. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेलं की पकडून सोडलेला ट्राउटही मरू शकतो, आणि उष्मा वाढला की सरकार दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गरवणं बंद करतं. एनिस लेकच्या खालची मॅडिसन तर त्या दिवसांत विसराच; ते तळं उथळ आहे, पाणी तापवूनच खाली सोडतं. दुपारनंतर दरीत वारा सुटतो तो वेगळाच.

यलोस्टोन पार्कात मोंटानाचं लायसन्स चालत नाही, पार्कचा वेगळा परवाना लागतो. हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत. आत फेल्टचे (दाबलेल्या जाड कापडाचे) तळवे असलेले बूट 2018पासून बंद, शिशाची वजनं बंद, गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा लागतो. फायरहोल नदीत गरम झऱ्यांचं पाणी मिसळतं, ऐन उन्हाळ्यात तिकडे फिरकू नका. स्लाउ क्रीकची कुरणं छान, कटथ्रोट ट्राउट मिळाले, चढ सुरुवातीलाच आहे तेवढा.

तिकडे अस्वलं आहेत. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) विमानात कुठल्याच सामानात नेऊ देत नाहीत, तिथेच विकत घ्यावा लागतो आणि निघताना तिथेच सोडावा लागतो. भाड्याने मिळतो का ते आधी विचारा, आणि बिलात काय काय येतं तेही.