उत्तर येतं, पण हात वर होत नाही

आठवी-नववीतली बरीच मुलं उत्तर येत असूनही वर्गात गप्प बसतात. तोंडी परीक्षेच्या सकाळी पोट दुखतं, घरचे म्हणतात, ‘राहू दे, आज नको जाऊस.’ तासाभरात दुखणं थांबतं. ते ढोंग नसतं, खरंच दुखत असतं. पण टाळलं की सुटका होते हे मनाला पटतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते.

यावर भीतीची शिडी करा. मुलासोबत बसून सहा-सात प्रसंग लिहा, प्रत्येकाला भीतीचे 0 ते 10 गुण त्यालाच देऊ द्या. दुकानात भाव विचारणं 2, आत्याशी फोनवर बोलणं 3, तास संपल्यावर बाईंना शंका विचारणं 5, वर्गात हात वर करणं 7, सगळ्यांसमोर उतारा वाचणं 9. सुरुवात 2-3 गुणांपासून. एकच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा, गुण निम्म्यावर येईपर्यंत. मगच वरची.

बिघडतं ते घाईनं. धीट व्हावा म्हणून थेट स्नेहसंमेलनात भाषणाला उभं केलं, की मूल मध्येच पळतं आणि ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच ठसतं. दुसरं, डॉक्टर मुलाला विचारतात आणि उत्तर आई देते. तिथे कृपा करून दहा सेकंद गप्प बसा. मूल बोलतं.

प्रत्येक पायरीआधी वहीत ‘काय होईल असं वाटतं’ आणि नंतर ‘काय झालं’ लिहायचं. ‘सगळे हसतील’ समोर ‘एकजण हसला, बाई छान म्हणाल्या’ अशा नोंदी साठत गेल्या की स्वतःवरचा विश्वास त्यातूनच येतो.

छाती धडधडली तर चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, तीन-चार मिनिटं. मात्र धडधड पूर्ण थांबायची वाट पाहू नका. थोड्या धडधडीतही बोलता येतं, हेच तर शिकायचंय.

कौतुक करताना ‘हुशार आहेस’ टाळा. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. ‘आवाज कापत होता तरी वाक्य पुरं केलंस’ असं नेमकं सांगा.

दोन आठवडे शाळा, झोप किंवा जेवण बिघडलेलं असेल तर समुपदेशकाकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. मूल जिवाचं बरंवाईट करण्याविषयी बोललं, तर त्याला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.