तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पडद्यामागच्या कोनाड्यात काय असतं?

ऑफिसची नाहीतर सोसायटीची ट्रिप सोलापूर-विजापूर करून आली की पुढच्या आठवड्यात हा प्रश्न ठरलेला. "भाई, विजापूरच्या त्या जुम्मा मशिदीत समोरच्या भिंतीत सोनेरी कोनाडा आहे ना, पडदा लावलेला, त्यात असतं काय?" मी राबोडीत वाढलेला, नोकरी बेलापूरला, त्यामुळे विचारणारे सगळे रोजच्या उठण्याबसण्यातले आहेत, खोडी काढायला कुणी विचारत नाही. देवळात गाभारा असतो, चर्चमध्ये क्रॉस असतो, मग इथे पडदा आहे म्हणजे मागे काहीतरी असणारच असं वाटणं साहजिक आहे. एकदाच नीट लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करता येईल.

काहीही नसतं हो. रिकामा असतो.

त्याला मिहराब म्हणतात आणि त्याचं काम एकच, मक्केच्या काब्याची दिशा दाखवायची. ती दिशा म्हणजे किब्ला, आपल्याकडून पश्चिम, जराशी उत्तरेला झुकलेली. सुरुवातीला मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढायचे, 624 मध्ये मदिनेत असताना ती दिशा बदलून काब्याकडे झाली. पण तेव्हाच्या मदिनेच्या मशिदीत असा कोनाडा नव्हताच, खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्या, झालं. भिंतीत आत गेलेला मिहराब आला 707 ते 709 च्या सुमारास, खलीफा वलीदच्या काळात ती मशीद नव्याने बांधली गेली तेव्हा. म्हणजे मिहराब नसला म्हणून नमाज अडत नाही, दिशा कळल्याशी मतलब. आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये नमाजाला एक छोटी खोली दिलीय, बिल्डिंग रस्त्याला धरून बांधलेली आणि रस्ता काही मक्का बघून आखलेला नाही, त्यामुळे सतरंजीवर चिकटवलेल्या टेपच्या पट्ट्या भिंतीला तिरक्या जातात आणि कोपऱ्यात तिकोनी जागा उरते तिथे सगळे लॅपटॉपच्या बॅगा टाकतात. मिहराब नाही, पण किब्ला आहे.

आता विजापूर. तिथे जाणारे नव्वद टक्के लोक गोलघुमटात आरोळी ठोकून येतात आणि जुम्मा मशीद जाता जाता पाच मिनिटांत उरकतात, मला ते फार लागतं, कारण माझ्या मते बघायची इमारत हीच आहे. विजापूरचा सुलतान पहिल्या अली आदिलशहाने तालिकोटच्या 1565 च्या लढाईनंतर हे काम काढलं. बाहेरून साधी, आत पांढरे जाडजूड खांब, नक्षी जवळजवळ नाहीच. आणि हॉल रुंदीला जास्त, खोलीला कमी, उत्तर-दक्षिण नऊ खण (खण म्हणजे चार खांबांमधली चौकोनी जागा) आणि पूर्व-पश्चिम पाच. हे उगाच नाही. नमाज रांगेत होतो, रांगेला सफ म्हणतात, खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, आणि पहिल्या सफेचं पुण्य जास्त मानलंय. मग पहिल्या रांगेत जास्तीत जास्त माणसं मावायची तर हॉल आडवाच पाहिजे. कुणाची जागा राखीव नाही, जो आधी येईल तो पुढे, सरदार असो की भिश्ती (प्रत्यक्षात किती पाळलं गेलं ते सोडा, नियम हा आहे).

खांब मध्ये आले की सफ तुटते, आणि खांबांच्या मध्ये रांग लावणं हदीसमध्येही, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्येही, नापसंत केलेलं आहे. म्हणून मला तो मोठा घुमट आवडतो. मधल्या नऊ खणांमधले चार खांब गाळूनच टाकलेत आणि तेवढ्या सगळ्या जागेवर एकच घुमट घेतलाय. तो पेलायला कमानी एकमेकींना छेदत, जाळीसारख्या आत झुकत जातात, चौकोनाचा हळूहळू गोल होतो आणि त्या आत झुकलेल्या बांधकामाचं वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला तोलून धरतं. गोलघुमटाला सगळं जग वाखाणतं ती युक्ती हीच, पण तो पुरा झाला 1656 मध्ये, इथे ती आधीच करून झालेली. मान वर करून दोन मिनिटं उभे राहा, गाईड घाई करेल, करू दे. बाकी घुमट पाहिजेच असं धर्म कुठे म्हणत नाही, ती बांधणाऱ्याची हौस आणि छपराची गरज. मिनारांचंही तेच, या मशिदीचे उंच मिनार कधी पुरे झालेच नाहीत आणि अजान काही थांबली नाही.

फरशीवर काळ्या रेघांनी आखलेले चौकोन दिसले असतील, दोन हजारांच्या वर आहेत, एका माणसाला एक. ते औरंगजेबाच्या वेळचे असं सांगतात, आणि त्याने मखमली गालिचे उचलून नेले आणि बदल्यात रेघा दिल्या अशीही एक गोष्ट स्थानिक लोक रंगवून सांगतात, त्यात खरं किती ते त्यांनाच ठाऊक. पूर्वेचा दरवाजा मात्र त्याच्याच काळातला. पूर्वेलाच का, तर तिथून आत शिरलं की तोंड आपोआप किब्ल्याकडे होतं, आणि नमाज पढणाऱ्याच्या पुढून कुणाला जावं लागत नाही. मधे अंगणात हौद, वजूसाठी, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊनच पुढे यायचं.

आणि आता तो पडदा. मशीद अशी साधी ठेवली आणि 1636 मध्ये मुहंमद आदिलशहाने मिहराबाला सोन्याने मढवून टाकलं. जवळून बघा, सोन्यावर रंगात खोटे कोनाडे काढलेत, त्यात फुलदाण्या, रचून ठेवलेली पुस्तकं, छोटे मिनार. माणूस नाही, प्राणी नाही, ते चालतच नाही. काम पुरं करणाऱ्याचं नाव मलिक याकूब, तेही तिथेच लिहिलंय. पण खरी गंमत फारसी ओळींमध्ये आहे, आयुष्यावर भरवसा ठेवू नका ते थोडकं आहे, या नाशिवंत जगात विसावा नाही, अशा अर्थाच्या. एवढं सोनं ओतून वर हे लिहायचं! मला हे ढोंग वाटत नाही, सुलतानालाही ते कळत असावं, फक्त हात आवरला नाही. शिवाय नमाजात नजर भरकटेल अशी सजावट किब्ल्याच्या भिंतीवर नको असं बरेच आलिम, म्हणजे धर्मपंडित, पहिल्यापासून सांगत आलेत. पडदा आता रंग जपायला आहे, पण माझ्या मते नमाज्यांचीही सोयच झाली.

मिहराबाच्या उजव्या हाताला पायऱ्या असतात तो मिंबर, तिथून शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, होतो. पूर्वी खुतब्यात राज्य करणाऱ्याचं नाव घेतलं जायचं, त्यामुळे राजधानीची जुम्मा मशीद ही राजकारणाचीही जागा होती. 1686 मध्ये विजापूर पडल्यावर त्या मिंबरावरून आदिलशहाचं नाव गेलं आणि आलमगीराचं, म्हणजे औरंगजेबाचं, आलं, हे वेगळं सांगायला नको.

"आम्हाला आत जाऊ देतात का" हा जोडप्रश्नही असतोच. देतात. शुक्रवारची दुपार सोडून जा, चपला बाहेर काढा, डोक्यावर रुमाल किंवा ओढणी असली तर बरं, आणि तिथल्या माणसाला नीट विनंती करा, त्याच्या मनात आलं तर पडदा थोडा सरकवून दाखवतो.