कार्यानुभवाचा तास

जून २०२३. शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत हजेरीपटावर नवी नावं चढवत बसले होते, तेवढ्यात फोनवर बातमी दिसली. कोलकात्याला सियालदहच्या लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या सिस्टर सिरिल मूनी गेल्या. वय ८६. हातातलं पेन खाली ठेवलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "घरचं कुणी का?" नाही म्हटलं, पण म्हणताना घसा दाटून आला.

त्यांच्याशी माझं एक शब्दही बोलणं झालेलं नव्हतं. २००६ च्या फेब्रुवारीत मावसबहिणीकडे कोलकात्याला गेले होते. तिचे यजमान रेल्वेत, क्वार्टर सियालदहच्या बाजूलाच. ती म्हणाली, "तू शाळेतली, तुला एक शाळा दाखवते." मौलालीच्या चौकाजवळची लोरेटो डे स्कूल. तिच्या ओळखीच्या एक शिक्षिका तिथे होत्या, त्यांनी आत नेलं.

कॉन्व्हेंट म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे उंच फाटक येतं, ते होतंच. पण आमच्या पुढून सहा-सात वर्षांची एक मुलगी, अनवाणी, कडेवर धाकटं भावंड घेऊन त्या फाटकातून सरळ आत गेली. कुणी तिला हटकलं नाही. मी तिथेच थबकले.

कारण १९९८ साली आमच्याही फाटकावर अशीच एक मुलगी आली होती. चौकातल्या सिग्नलला गजरे विकायची. हातात गजऱ्यांची काठी तशीच धरून तिने विचारलं होतं, "मला बसू द्याल का?" मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. म्हटलं, "आईला घेऊन ये, जन्माचा दाखला घेऊन ये." नियमाप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं. ती गेली ती परत आली नाही. पुढे कितीतरी महिने रिक्षा त्या सिग्नलला थांबली की मी मान बाहेर काढून बघायची.

तर सियालदहच्या शाळेत वर गेलो. मोठी मोकळी जागा, जमिनीवर चटया, आणि मुलींच्या जोड्या. प्रत्येक जोडीत एक युनिफॉर्ममधली, एक रस्त्यावरची. मी एका जोडीजवळ बसून राहिले. मोठी असेल सहावीतली. तिने पाठकोऱ्या कागदावर बंगाली अक्षर काढलं होतं, आणि धाकटी त्यावरून बोट फिरवत होती. बोटाचं नख अर्धं तुटलेलं. खालच्या वळणाला ती दर वेळी चुकायची. मोठीने तिचा हात धरला नाही, की 'अगं असं नाही' म्हटलं नाही. ती शेजारी तेच अक्षर पुन्हा, आणखी सावकाश काढायची आणि थांबायची. सहाव्या की सातव्या खेपेला बोट बरोबर वळलं. धाकटीने वर पाहिलं. मोठीने नुसती मान हलवली आणि पुढचं अक्षर काढलं. मी बी.एड.ला शिकले नव्हते ते त्या पोरीला येत होतं.

मी शिक्षिकेला विचारलं, या मुली हौसेने येतात का? त्या म्हणाल्या, नाही, हा त्यांचा वेळापत्रकातला तास आहे. वर्क एज्युकेशन. म्हणजे आपला कार्यानुभव! तिथे पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुली तो तास अशा मुलींना शिकवण्यात घालवत. आमच्याकडे त्या तासाला खडूच्या पेटीला रंगीत कागद चिकटवतात, तोरणं करतात. ती मी स्वतः करून घेतली आहेत. दयाधर्म म्हणून केलेली गोष्ट मुलींची परीक्षा जवळ आली की बंद पडते. वेळापत्रकात बसवलेली पडत नाही. हे ज्या बाईंना सुचलं, त्यांची शाळेची समज किती खोल असेल, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

खाली उतरताना अंगणात मुलींच्या घोळक्यात सिस्टर लांबून दिसल्या. तेवढंच.

परत आल्यावर मिळेल ते वाचत गेले. आयर्लंडमधल्या ब्रे या गावचा १९३६ चा जन्म, १९५६ मध्ये भारतात आल्या. लखनौ विद्यापीठाची प्राणिशास्त्रातली डॉक्टरेट. १९७९ मध्ये सियालदहच्या मुख्याध्यापिका झाल्या, तेव्हा ७९० मुलींमध्ये ९० गरीब घरांतल्या होत्या. दोन दशकांत पट १४०० वर गेला, आणि त्यातल्या निम्म्या मुली फी न भरणाऱ्या होत्या. फी भरणाऱ्यांच्याच वर्गात, त्यांच्याच बाकावर. शाळा चालवणाऱ्याला या एका वाक्यात किती धाडस आहे ते कळेल. १९८५ मध्ये त्यांनी 'रेनबो' सुरू केलं. रस्त्यावरच्या मुलीने जमेल तेव्हा यावं, जमेल तितकं शिकावं, मग वयाप्रमाणे नेहमीच्या वर्गात जावं. रात्री फुटपाथवर मुलगी सुरक्षित नसते, म्हणून शाळेतच तिच्या झोपायची सोय झाली. दर आठवड्याला शाळेच्या मुली बसने खेड्यांत शिकवायला जात. युनेस्कोचा पुरस्कार १९९४ चा, पद्मश्री २००७ ची. २०११ पर्यंत त्या मुख्याध्यापिका होत्या. वयानुरूप प्रवेशाचा कायदा आपल्याकडे लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यांच्या फाटकावर तो पंचवीस वर्षं आधीच लागू होता.

बातमी वाचून मी बसले होते, तोच सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि शिपाईमामा आले. "बाई, फाटकावर एक पोरगी उभी आहे. जात नाही."

नऊ-दहा वर्षांची. मागच्या गल्लीत टॉवरचं काम चाललंय, आई तिथे बिगारी. केसांवर सिमेंटची धूळ. दाखला नाही, आधार नाही, शाळा कधी पाहिलेली नाही. त्या वर्षी आधार नसलेलं मूल संचमान्यतेत, म्हणजे ज्या पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, मोजलं जाणार की नाही, ही चर्चा प्रत्येक स्टाफरूममध्ये होती. मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, वयाप्रमाणे चौथीत घेऊ, कागद मी उभे करते, पण ती आज इथून परत जाता कामा नये. माझा आवाज चढला असावा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या आत."

चौथीत बसवली तर एकही अक्षर येत नाही. ती फळ्याकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती. आता उठून जाणार, हे मला दिसत होतं. पुढचा तास माझा, सातवीला. कार्यानुभव. कागदी पिशव्या करायच्या होत्या.

मी तिला सातवीच्या वर्गात घेऊन गेले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, तिला म्हटलं, "पिशवी राहू दे. हिला तिचं नाव लिहायला शिकव." ती घाबरली. मग वहीचं मागचं पान फाडून खिडकीखाली जमिनीवर बसली. बाकीच्यांच्या कात्र्या चालू होत्या, खळीचा वास पसरला होता. मी मुद्दाम तिकडे गेले नाही.

तास संपल्यावर पाहिलं तर पानावर पहिलंच अक्षर बावीस वेळा काढलेलं. शेवटची तीन ओळखू येत होती. नावाची बाकीची अक्षरं राहिलीच होती. सातवीतली मुलगी ओशाळून म्हणाली, "बाई, एवढंच झालं."

नवी मुलगी ते पान घडी घालून फ्रॉकच्या गळ्यातून आत सरकवत होती. दारापाशी गेली, थांबली आणि सातवीतल्या त्या मुलीकडे बोट दाखवून मला विचारलं,

"उद्या पण ह्याच बाई येणार का?"