भिगवणला गळ टाकायला जाताय? आधी ओढा कुठे होता ते विचारा

ऑक्टोबरात ज्या बाभळीच्या सावलीत बसलो होतो, ती फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पाण्यापासून चांगली दीडशे पावलं लांब उभी होती. मधल्या गाळावर कुणाचा तरी गाळपेरा, म्हणजे पाणी हटल्यावर गाळात पेरलेलं पीक, हिरवागार डोलत होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, तळं पळालं की!"

भिगवणजवळ पसरलेल्या उजनी धरणाच्या पाण्याचं हे असंच. धरण एकूण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या तळाच्या पाण्यात मोडतं. म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी येते तेव्हाही समोर समुद्र पसरलेला दिसतो. पाणी संपत नाही, काठ सरकतो. पळसदेवचं बुडालेलं देऊळ बाहेर आलं की पाणी खूप उतरलं, ही तिकडची जुनी खूण. निघायच्या आधी पेपरात उजनीची टक्केवारी बघा. मागच्या वेळची जागा डोक्यात ठेवून गेलात तर आमच्यासारखेच चिखल तुडवत बसाल.

पहाटे साडेचारला हडपसर सोडलं. सोलापूर रस्त्याने यवत, पाटस, कुरकुंभ आणि भिगवण, साधारण शंभर किलोमीटर. त्या वेळेला ट्रक सोडले तर रस्ता मोकळा असतो. चहा आणि पाणी भिगवणच्या स्टँडजवळच उरकून घ्या, काठावर काही मिळत नाही.

गाळाचं एक सांगून ठेवतो. वरून भेगा पडलेला, वाळलेला दिसतो, पण पाण्याजवळच्या शेवटच्या वीस पावलांत पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे. हातात काठी ठेवा, पुढची जागा टोचून बघा आणि लहान मुलांना त्या पट्ट्यात सोडू नका.

पहिल्या दीड तासात आमचे नऊ गळ तुटले. मासा एकही नाही. प्रत्येक वेळी पाण्यावर तरंगणारं बुच खाली जायचं, आम्ही झटका द्यायचो आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, कशात तरी घट्ट अडकायचं. शेजारी होडी ओढून जाळं सोडवत बसलेले एक मामा बराच वेळ गप्प बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नसावं.

"सायेब, हितं नका टाकू. खाली सगळ्या बाभळी हैत."

"मग कुठे टाकू, मामा?"

त्यांनी बोटाने पाण्यावर एक वाकडी रेघ काढली. "ह्यो असा वढा जायचा. त्या तिकडं आमची हीर व्हती. वढ्याच्या कडंला टाका."

धरण १९८०मध्ये पूर्ण झालं तेव्हा मामा पोरसवदा असणार. पाण्याखाली गेलेलं गाव त्यांना अजून बांधासकट पाठ आहे आणि मासे त्याच जुन्या नकाशावर राहतात. उथळ सपाट शेतातून जिथे जमीन ओढ्यात उतरते, त्या कडेला ते फिरतात. ऊन चढलं की खोल पात्रात जातात, सकाळ-संध्याकाळ वर चरायला येतात. मोबाईलच्या नकाशात नुसतं निळं दिसतं, त्यात हा ओढा नाही. म्हणून गावात गेलात की पहिला प्रश्न 'मासे कुठे?' असा विचारू नका. ओढा कुठून जायचा ते एखाद्या वयस्क माणसाला विचारा.

चाळीस पावलं डावीकडे सरकलो आणि पुढच्या दोन तासांत अकरा चिलापी लागल्या. तळहाताएवढ्या, एखादी जरा मोठी. चिलापी मूळची आफ्रिकेची, इथे आता तिचंच राज्य आहे. उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खळगे दिसले तर ती नराने केलेली घरटी समजा. मादी अंडी तोंडात धरून फिरते. तोंडात पिल्लं असलेली मादी लागली तर ती हळूच सोडून द्या, आम्ही एक सोडली.

आमिषाला कणीक, भाजलेल्या दाण्याचं कूट आणि त्यात पिंजलेल्या कापसाचे धागे मळून घेतले होते. कापसामुळे गोळा गळावरून सुटत नाही. कणीक पोळीसारखी मऊ नको, पुरीपेक्षाही घट्ट हवी. चिलापीचं तोंड लहान, तेव्हा गळही लहानच लागतो. रोहू-कटल्यासाठी खास मोठे गळ नेले होते, ते पिशवीतच राहिले. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकच खोली धरून बसलात तर एकाचीच वाट बघाल.

ऊन कलल्यावर गांडूळ लावलं तर शिंगटा मासा येतो. आम्हाला दोन मिळाले. त्याच्या कल्ल्यांमागचे आणि पाठीवरचे काटे हाताला लागले तर दिवसभर ठणकतं. जाड फडकं आणि चिमटा हवाच. मेहुण्याने ऐकलं नाही. परतीची गाडी मी चालवली.

परवानगीचं काय, असं बरेच जण विचारतात. धरणातल्या मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असतात. काठावर जो मच्छीमार भेटेल त्याला विचारूनच बसा, फेकजाळं वगैरे नेऊ नका. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर खाली कुणाचं तरी जाळं आहे, तिथून लांब टाका. आणि तुटलेलं तंगूस गोळा करून परत आणा. हिवाळ्यात इथे रोहित पक्ष्यांचे थवे येतात, त्यांच्या पायात ते अडकतं. कुंभारगावाकडे पक्षी बघायला होड्या निघतात, तिथे गळ काढूच नका.

होडीत बसून गळ टाकायची हौस असेल तर सकाळीच, आणि लाइफ जॅकेट घालून. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर या पाण्यावर वारं अचानक उठतं. २१ मे २०२४ला कुगाव–कळाशी दरम्यान होडी उलटून सहा जण गेले. आकाश काळवंडलं की सामान गुंडाळायचं, 'अजून एक' करत बसायचं नाही.

पाणी हिरवट आहे, वासही येतो. नाक मुरडू नका, पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं. मी मासे घरी आणून मीठ-हळद लावून दोनदा धुतो आणि पोटातलं सगळं काढून टाकतो. स्वतः साफ करायचा कंटाळा असेल तर भिगवणच्या बाजारात कुणीही पैसे घेऊन करून देईल.

मामांना चार चिलाप्या द्यायला गेलो तर ते हसले. होडीत त्यांच्याकडे टोपलंभर होत्या. आम्ही भिगवणला रश्श्याबरोबर भाकरी खाल्ली आणि चारला निघालो. रविवारी पाचनंतर निघालात तर लोणी काळभोरपासून हडपसरपर्यंत एक तास धरून ठेवा. बर्फाचा डबा नसेल तर त्या तासात गाडीला जो वास लागतो, तो आठवडाभर जात नाही.