फुकटचा वकील नीट केस लढतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी तालुका विधी सेवा समितीत, म्हणजे जिथून फुकट वकील मिळतो तिथे, पॅरा लीगल व्हॉलंटियर (कायद्याच्या कामात लोकांना मदत करणारी स्वयंसेविका, वकील नव्हे) आहे त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो, की सरकारने दिलेला वकील मन लावून केस लढतो का, का समोरच्याने पैसे चारले की तिकडे फिरतो.

बरेच जण मनापासून लढतात. काही नाही लढत, मानधन कमी आणि तेही उशिरा, मग ही केस मागे पडते, खोटं कशाला बोलू. पण वकील काम करत नसेल तर समितीकडे अर्ज देऊन बदलून मागता येतो, आणि त्याला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. फौजदारी केससाठी तर 2022 पासून बऱ्याच जिल्ह्यांत पूर्णवेळ वकील नेमलेत, ते खाजगी केस घेतच नाहीत.

खरं सांगू का, लोकांचा विश्वास उडतो तो वकिलामुळे कमी आणि काय चाललंय हे कोणी सांगत नाही म्हणून जास्त. एक ताई आल्या होत्या, नवऱ्याने घटस्फोटाचा दावा टाकलेला. घरच्यांनी सांगितलेलं, नोटीस घेऊ नको, घेतली की मान्य केल्यासारखं होतं. अहो उलट आहे, नाकारली तरी बजावली असं धरतात आणि मग निकाल एकतर्फी लागू शकतो! त्यांना वाटत होतं फुकट वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागेल. बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्येच आहे ते, एससी, एसटी, दिव्यांग, कोठडीतला माणूस, कोणालाच नाही. वकील मिळाले, तेही चांगले, पण तारखेला ताई दुपारपर्यंत व्हरांड्यात उभ्या, पुकारा झाला, दोन मिनिटांत पुढची तारीख आणि आत काय झालं ते कळलंच नाही. मी कोर्टाच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा असतो तो) टाकून दाखवलं, आज काय झालं, पुढे कशासाठी ठेवलंय. त्यांनी तो 16 अक्षरी नंबर वहीत उतरवून घेतला आणि दोनदा ताडून बघितला.

1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे आले तेव्हा सगळे विचारत होते 420 चं आता कितवं कलम झालं. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते, तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवायचं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना हे माहीतच नसतं आणि म्हणून कोणी मागतही नाही, तुमची तक्रार असेल तर लेखी मागा, पोच घ्या.

आणि दिवाणी दाव्याचं समन्स आलं असेल तर वाट बघत बसू नका, कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस असतात. कोर्टातच समितीचं ऑफिस असतं, साध्या कागदावर अर्ज चालतो, नाहीतर विधी सेवेच्या हेल्पलाइनला, 15100 ला फोन लावा.