ट्रेलर-शोध: फिफ्थ व्हील यादीतून बाद

ठरलं. ट्रॅव्हल ट्रेलरच घ्यायचा, म्हणजे ट्रकच्या मागच्या बॉलला जोडून ओढायचं चाकांवरचं घर. मनातून विचाराल तर आजही फिफ्थ व्हीलच (ज्याचं पुढचं टोक ट्रकच्या मागच्या हौद्यात बसतं तो ट्रेलर) आवडतो, पण ट्रक बदलायचा नाही हे घरात आधीच ठरलंय, आणि हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या पिकअप ट्रकवर तो हट्ट चालत नाही.

आकडेच मांडतो. जाहिरातीत आमच्या ट्रकची ओढण्याची क्षमता ११,००० पाउंड. तो आकडा बाजूला ठेवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जे पिवळं-पांढरं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्याकडे १,६२० पाउंड. उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून येतात, म्हणजे गाडीत पाच जण, अंदाजे ६५० पाउंड. उरले ९७०.

फिफ्थ व्हीलची पिन (जोडणीचा खुंटा) ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण वरच बसते आणि भरलेल्या ट्रेलरचं २० टक्क्यांच्या आसपास वजन तिथे येतं. ‘हाफ-टनला चालेल’ म्हणून विकतात तो छोटा फिफ्थ व्हीलही सामानासकट सहज ८,००० पाउंडांवर जातो. म्हणजे पिनवर १,६००. त्यात आमचा बेड साडेपाच फुटी. वळताना ट्रेलरचं नाक केबिनला लागू नये म्हणून सरकणारी हिच (जोडणी) हवी, तिचे दोनेकशे पाउंड वेगळे. विषय संपला.

ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे पुढच्या जोडणीवर येणारं वजन, १० ते १५ टक्के. भरून ६,००० पाउंडांचा धरला तर १३ टक्क्यांनी ७८०, वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (ते वजन ट्रकच्या पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) शंभरेक. शिल्लक ९०! ट्रकच्या बेडमध्ये एक कूलर आणि घडीच्या खुर्च्या, बस्स. ब्रोशरमधल्या ड्राय वेटवरून (रिकाम्या ट्रेलरच्या वजनावरून) हिशेब करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. त्यात पाणीच धरलेलं नसतं. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड तिथेच वाढतात. कुकर, पोळपाट-लाटणं आणि तांदळाची पिशवी कोणत्याच ब्रोशरमध्ये नसते.

आता काय हुकलं तेही सांगतो. भाड्याचा २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन डेन्व्हरहून आय-२५ने शायेनकडे गेलो होतो. वायोमिंगचा आडवा वारा, त्यात शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो, मग आत ओढला जातो. हिचचा बॉल अ‍ॅक्सलच्या बराच मागे, त्यामुळे शेपूट हललं की ट्रकचं ढुंगणही हलतं. फिफ्थ व्हीलमध्ये हा प्रकार जवळपास नाहीच. ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. भरतानाही जड सामान ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात हवं. मागे वजन गेलं की डोलणं वाढतं.

फिफ्थ व्हीलच्या विरोधात एक मुद्दा आईचाही आहे. त्यातली बेडरूम पुढे उंचावर असते, म्हणजे रात्री बाथरूमला जाताना पायऱ्या. तिचे गुडघे बघता ट्रॅव्हल ट्रेलरची सपाट फरशीच बरी. उंचीही लक्षात ठेवा: बरेचसे फिफ्थ व्हील १२-१३ फूट उंच असतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा तो ट्रकांची छपरं सोलणारा रेल्वेपूल २०१९मध्ये उचलला, तरी १२ फूट ४ इंचच आहे.

सध्या २३ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा एक जुना ट्रेलर नजरेत आहे. मालक तो वजनकाट्यावर न्यायला तयार आहे. आधी ट्रक एकटा, मग ट्रेलर जोडून, दोन्ही पावत्या हातात आल्या की भावाचं बोलू. तोवर रिसीव्हरवरचं (ट्रकच्या मागे हिच बसते त्या खोबणीवरचं) स्टिकरही वाचून घेतलं: वेट डिस्ट्रिब्युशनशिवाय टंगवर फक्त ५०० पाउंड. तेव्हा हिचची ऑर्डर ट्रेलरच्या आधी जाणार.